'बेळगाव'चं 'बेळगावी' करायला सेडची एक ओळ मागितलीत, उत्तर जरा लांब आहे

खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत डेटा सांभाळणाऱ्या तरुणाचा प्रश्न आहे. सभासदांच्या याद्या गावागणिक वेगळ्या, अशा १४० सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या) फायली. वरून नवा नमुना आलाय. त्यात गाव, तालुका, जिल्हा या रकान्यांत 'बेळगाव' चालत नाही, 'बेळगावी' पाहिजे. शिवाय खाते क्रमांकातले मराठी आकडे इंग्रजी करून हवेत. "नोटपॅडमध्ये एकेक फाइल उघडून बदलूलालोय. सेडनं एका झटक्यात होतं म्हणे. ती एक ओळ द्या की."

ओळ देतो. (सेड म्हणजे आधी लिहून दिलेल्या आज्ञांप्रमाणे मजकूर बदलणारा छोटा प्रोग्राम.) खरं ती आज दुपारी चालवू नका. (हे आपल्याकडचं 'खरं', पुण्याकडच्यांनी 'पण' वाचावं.)

आधी लिहिण्याची पद्धत सांगतो. आज्ञांमधली रोमन अक्षरं मी इथे देवनागरीत लिहितोय: एस, पी, जी वगैरे. टाइप करताना ती लहान रोमन अक्षरं समजा. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगेन. बाकी तिरप्या रेघा, स्वल्पविराम, अवतरणं जशीच्या तशी.

सेड बेल लॅब्समध्ये ली मॅकमहॉन यांनी १९७३-७४ च्या सुमारास लिहिला आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर तो सगळीकडे पोचला. त्याच्या आधी 'एड' नावाचा मजकूर बदलायचा प्रोग्राम होता. त्यात माणूस बसून एकेक आज्ञा द्यायचा. सेडमध्ये आज्ञा आधी लिहून ठेवायच्या आणि मजकूर त्यांच्यासमोरून वाहत जाऊ द्यायचा. तो एक ओळ हातात घेतो, त्या ओळीवर तुमच्या सगळ्या आज्ञा क्रमाने चालवतो, ओळ छापतो, पुढची घेतो. अख्खी फाइल तो कधी डोळ्यांसमोर ठेवत नाही. म्हणून दोन जीबीची फाइलही जुन्या मशीनवर सहज निघते, आणि म्हणूनच आधीच्या ओळीत काय होतं ते त्याला आपणहून माहीत नसतं. रकाना म्हणजे काय, शब्द म्हणजे काय, आडनाव म्हणजे काय, यातलंही त्याला काही कळत नाही. त्याला फक्त एकापुढे एक अक्षरं दिसतात.

तुमच्या मनात असलेली ओळ ही असणार:

सेड 'एस/बेळगाव/बेळगावी/जी' यादी.सीएसव्ही

एस म्हणजे बदल, पहिल्या दोन रेघांत काय शोधायचं, पुढच्या दोन रेघांत काय ठेवायचं, शेवटचा जी म्हणजे ओळीत जितक्या वेळा सापडेल तितक्या वेळा. जी नसेल तर ओळीतला पहिलाच सापडलेला बदलतो.

ही ओळ मी स्वतः चालवलेली आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटक सरकारने बारा शहरांची नावं बदलली, त्यात आपलंही होतं. (बेळगाव की बेळगावी, हा वाद इथे काढत नाही. १९५६ पासून चाललेल्या थोरल्या वादाचा तो धाकटा भाऊ.) तेव्हा मी छपाईची कामं घ्यायचो. एका मंडळाची स्मरणिका अर्धी झाली होती, सगळे पत्ते नव्या नावाने करा म्हणाले. मी वरची ओळ चालवली, पाच सेकंदांत काम झालं, चहाला गेलो. प्रूफ बघायला देणगीदारांपैकी एक गृहस्थ आले आणि यादीवर बोट ठेवून म्हणाले, "आमचं आडनाव कधी बदललं ओ?" बेळगावकरांचं बेळगावीकर झालं होतं. आतल्या पानांवर 'बेळगावात'चं 'बेळगावीात' झालं होतं, मात्रेवर मात्रा. घाबरून मी काही पानं दुरुस्त करायला तीच ओळ पुन्हा चालवली, तर 'बेळगावी'मध्येही 'बेळगाव' सापडतंच की! झालं 'बेळगावीी'.

इंग्रजीत गावाचं नाव वाक्यात कुठेही तसंच राहतं. मराठीत त्याला प्रत्यय चिकटतात: बेळगावला, बेळगावचा, बेळगावहून. आणि आपल्या भागात गावाला 'कर' लावलं की आडनाव होतं. त्यामुळे 'कसं बदलायचं' याआधी 'कुठे बदलायचं नाही' हे बघावं लागतं. ते बघायला सेडही नको, नुसतं शोधून दाखवणारा ग्रेप पुरतो:

ग्रेप -ओएच 'बेळगा[^ ,]*' *.सीएसव्ही | सॉर्ट | युनिक -सी

चौकटी कंसातला भाग म्हणतो: पुढे जागा किंवा स्वल्पविराम येईपर्यंत जे काही चिकटलेलं असेल ते. या ओळीने १४० फायलींत 'बेळगाव'ची जितकी रूपं आहेत तितकी, प्रत्येक किती वेळा आली त्या आकड्यासकट, समोर येतात. तुम्हाला वाटेल दोन-तीनच असतील. माझ्या अनुभवात 'बेळगांव' हे अनुस्वारवालं जुनं रूप हमखास निघतं, कारण जुन्या नोंदी जुन्या माणसांनी टाइप केलेल्या असतात. ही यादी बघितल्याशिवाय पुढची एकही आज्ञा लिहू नका.

आता तुमच्या फायलीकडे या. मनाच्या नावांच्या दोन ओळी धरू:

१०४२,बेळगावकर सुमन,नंदगड,खानापूर,बेळगाव,५००
१०४४,पाटील मारुती,बेळगाव,बेळगाव,बेळगाव,१०००

सेडला रकाना कळत नाही, पण स्वल्पविराम कळतो. म्हणून दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम शोधण्यातच घ्या:

सेड 'एस/,बेळगाव,/,बेळगावी,/जी' यादी.सीएसव्ही

पहिल्या ओळीत आडनाव वाचलं, जिल्हा बदलला. दुसऱ्या ओळीत मात्र बघा काय येतं:

१०४४,पाटील मारुती,बेळगावी,बेळगाव,बेळगावी,१०००

मधला राहिला. शहरातल्या सभासदांचं गाव, तालुका, जिल्हा तिन्ही एकच, आणि नेमके तेच फसतात. कारण असं की पहिलं 'बेळगाव' सापडलं तेव्हा सेडने त्याच्या पुढचा स्वल्पविरामही गिळला. आता पुढचा शोध तो त्या स्वल्पविरामानंतर सुरू करतो. मधल्या 'बेळगाव'च्या डावीकडचा स्वल्पविराम आधीच वापरून झालाय, म्हणून तो जुळत नाही. तिसऱ्याला स्वतःचा मिळतो, म्हणून तो जुळतो. १४० फायलींत अशा चुका नुसत्या नजरेने सापडायच्या नाहीत.

उपाय म्हणजे फेरा:

सेड ':ए;एस/,बेळगाव,/,बेळगावी,/;टीए' यादी.सीएसव्ही

':ए' ही खूण. 'टीए' म्हणजे आत्ताचा बदल लागू झाला असेल तर खुणेवर परत जा. प्रत्येक फेरीत एकच बदल होतो आणि दरवेळी ओळ पुन्हा सुरुवातीपासून तपासली जाते, म्हणून जी लागत नाही. हा फेरा थांबतो तो स्वल्पविरामांमुळेच: ',बेळगावी,' मध्ये ',बेळगाव,' सापडत नाही. स्वल्पविराम काढून हाच फेरा चालवलात तर सेड 'बेळगावीीीीी' असे वेलांटीवर वेलांटी चढवत बसेल, मेमरी संपेपर्यंत. कंट्रोल आणि सी कुठे आहेत ते बघून ठेवा.

खानापूरचं काही बदलायचं झालं तर आणखी एक ध्यानात घ्या. खानापूर तालुका सांगली जिल्ह्यातही आहे, आणि लग्न होऊन तिकडून आलेल्या किंवा तिकडे गेलेल्या सभासदांचे पत्ते यादीत असू शकतात. अशा वेळी आज्ञेच्या आधी अट लावता येते. '/,सांगली,/!एस/.../.../' म्हणजे ज्या ओळीत सांगली नाही तिथेच बदल. अटीत ओळीचा क्रमांकही चालतो: '2,$एस/.../.../' म्हणजे दुसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत, शीर्षकाची ओळ सोडून.

ज्या फायलींत जिल्हा हाच शेवटचा रकाना आहे तिथे पुढे स्वल्पविराम नसतो. तिथे ',बेळगाव$' लिहायचं. डॉलर म्हणजे ओळीचा शेवट. आणि इथे बहुतेकांचा पहिला अर्धा दिवस जातो, कारण ते जुळतच नाही. विंडोजवर जतन केलेल्या फाइलच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला एक न दिसणारं 'कॅरेज रिटर्न' अक्षर असतं, म्हणजे 'व'नंतर लगेच ओळ संपत नाही. आधी ते काढा:

सेड 'एस/\आर$//' यादी.सीएसव्ही

एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून काढलेल्या फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटांची अशीच एक अदृश्य खूण असते. पहिल्याच ओळीत '^' (ओळीची सुरुवात) वापरलेलं जुळत नसेल तर बहुतेक वेळा तीच आडवी आलेली असते.

न दिसणाऱ्या गोष्टींत खास आपल्या मराठीची एक आहे. 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलंत, दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि मध्ये एक अदृश्य जोडणारं अक्षर. कोणत्या कीबोर्डवरून टाइप केलं त्यावर हे ठरतं. पडद्यावर दोन्ही सारखेच, कागदावरही सारखेच, पण सेडला दोन वेगळे शब्द. कर्जाच्या रकान्यात 'शेतकऱ्यांसाठी' शोधलं आणि निम्म्याच ओळी सापडल्या, तर मशीनला दोष देऊ नका. मी आधी सगळीकडचं दुसरं रूप पहिल्यात बदलून घेतो, मग कामाला लागतो. 'ॲ'चंही तेच: कधी ते एक अक्षर असतं, कधी 'अ' आणि वरचा चंद्र अशी दोन.

आणि जुन्या फायली श्रीलिपीत किंवा कन्नड बाजूच्या नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर हे सगळं सोडाच. त्यात पडद्यावर 'ब' दिसतो, पण आत रोमन चिन्हंच असतात. आधी युनिकोडमध्ये आणा, मग सेडकडे या.

आता आकडे. अक्षरास अक्षर बदलायला सेडमध्ये 'वाय' नावाची वेगळी आज्ञा आहे:

सेड 'वाय/०१२३४५६७८९/0123456789/' यादी.सीएसव्ही

शून्याच्या जागी शून्य, एकाच्या जागी एक, दहाही एका दमात. अडचण अशी की वाय पूर्ण ओळीवर चालते, तिला 'फक्त पहिला रकाना' सांगता येत नाही. तुम्हाला खाते क्रमांकच बदलायचाय, भागाची रक्कम मराठीत राहू द्यायचीय. मग ही युक्ती, आणि सेड आवडायला लागतो तो इथेच:

सेड 'एच;एस/,.*//;वाय/०१२३४५६७८९/0123456789/;जी;एस/\एन[^,]*//' यादी.सीएसव्ही

यातला एच लहान, जी मोठा. सेडकडे हातातल्या ओळीशिवाय एक फळी असते, तिथे काहीतरी बाजूला ठेवता येतं. एच हातातल्या ओळीची नक्कल फळीवर ठेवतो. मग पहिल्या स्वल्पविरामापासून पुढचं सगळं कापलं, हातात उरला नुसता '१०४२'. वायने त्याचा 1042 केला. मोठ्या जीने फळीवरची मूळ ओळ त्याच्या खाली आणून जोडली. आता हातात दोन ओळी आहेत: वर 1042, खाली जुनी पूर्ण ओळ. शेवटच्या आज्ञेने मधला ओळबदल आणि जुना क्रमांक उडवला. राहिलं ते:

1042,बेळगावकर सुमन,नंदगड,खानापूर,बेळगाव,५००

कागदावर पेन्सिलने एकदा स्वतः करून बघा, पुन्हा कधी विसरणार नाही.

आकड्यांच्या बाबतीत एक रात्र मी वाया घालवलीय. हीच वाय आज्ञा टर्मिनलवर नीट चालायची, पण रात्री दोनला आपोआप चालणाऱ्या क्रॉनमध्ये टाकली की तक्रार करायची: वायमधल्या दोन मजकुरांची लांबी वेगळी आहे. दहा आणि दहा, वेगळी कशी? टर्मिनलवर माझं लोकेल (कोणती भाषा, कोणती अक्षरं हे ठरवणारी मांडणी) यूटीएफ-८ होतं, क्रॉनमध्ये साधं 'सी'. साध्या 'सी'मध्ये सेड बाइट मोजतो. देवनागरी आकडा यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा, म्हणजे डावीकडे तीस आणि उजवीकडे दहा. एका अर्थी त्याने आरडाओरडा केला हे उपकारच. '[०-९]' असं लिहिलं असतं तर साध्या लोकेलमध्ये तो काही न बोलता त्या कंसाचे सुटे बाइट करून शोधतो, आणि मग आकड्यांबरोबर बाकीच्या अक्षरांचेही तुकडे पडतात. स्क्रिप्टच्या वरच एलसी_ऑल (सगळी अक्षरं मोठी) ठरवून टाका; 'सी.यूटीएफ-८' हे लोकेल हल्लीच्या डेबियन-उबुंटूवर मिळतं.

याच कारणाने शब्दाची सीमा दाखवणारी '\बी' खूण मी देवनागरीत वापरत नाही. मात्रा आणि हलंत यांच्यामुळे ती भलत्याच ठिकाणी लागू शकते. स्वल्पविराम, जागा, ओळीचं टोक, जे खरोखर दिसतं तेच लिहितो.

आतापर्यंतच्या सगळ्या आज्ञा नुसतं पडद्यावर छापतात, फाइलला हात लावत नाहीत. फाइल खरोखर बदलायची तेव्हा नवशिके हे करतात:

सेड '...' यादी.सीएसव्ही > यादी.सीएसव्ही

आणि यादी रिकामी होते. सेड सुरू व्हायच्या आधीच शेल (तुम्ही टाइप केलेली आज्ञा चालवणारा प्रोग्राम) उजवीकडची फाइल मोकळी करून ठेवतं, मग सेडला वाचायला काही उरतच नाही. यासाठी '-आय' आहे, पण तो कधीही एकटा वापरायचा नाही. मागे शेपूट लावायचं:

सेड -आय.जुनी -एफ बदल.सेड *.सीएसव्ही

म्हणजे मूळ फाइल 'यादी.सीएसव्ही.जुनी' या नावाने शेजारी राहते. आयला चिकटून जे लिहाल ते तो शेपूटच समजतो. '-ई' हा विस्तारित खुणांचा पर्याय (मोठा ई) चिकटवून '-आयई' लिहिलंत तर ई पर्याय लागूच होत नाही, उलट नावामागे ई लागलेल्या १४० जादा फायली तयार होतात. वेगवेगळे लिहा. मॅकवरच्या सेडला तर आयनंतर शेपूट द्यावंच लागतं, नको असेल तरी रिकामी अवतरणं द्यावी लागतात. आणखी एक: आय फाइल जागच्या जागी बदलत नाही, नवी फाइल लिहून तिला जुनीचं नाव देतो. याद्यांपैकी काही सिमलिंक (दुसरीकडच्या फायलीकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या खुणा) असतील तर लिंकच्या जागी सुटी फाइल येऊन बसेल आणि मूळ फाइल तशीच राहील.

'-एफ' म्हणजे आज्ञा फायलीतून वाच. 'बदल.सेड'मध्ये एका ओळीवर एक आज्ञा लिहा, '#' लावून वर तारीख आणि कारण लिहा. पुढच्या वर्षी ऑडिटर विचारतील तेव्हा हीच फाइल दाखवता येईल. व्हॉट्सॲपवरून आलेली आज्ञा मात्र थेट चिकटवू नका: वाटेत सरळ अवतरणांची वाकडी होतात, दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ होते, आणि चूक कुठेच दिसत नाही.

तुमच्या एखाद्या फायलीत पत्ता अवतरणात असेल आणि त्याच्या आत स्वल्पविराम असेल, "गणपत गल्ली, बेळगाव, ५९०००१" असा, तर तिथे सेड बंद करा. आतला आणि बाहेरचा स्वल्पविराम त्याला वेगळा कळणार नाही. ती फाइल पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलने करा. सेडनेच करायचा हट्ट धरला तर होतं, मी धरून बघितलाय, त्यात शहाणपणा नाही.

तुमच्यापुरता क्रम सांगतो. आख्ख्या फोल्डरची नक्कल करा. नकलेत फक्त नंदगडची एक फाइल घ्या. गावाचा बदल आणि आकड्यांचा बदल एकदम करू नका, कारण आकडे बदलले की प्रत्येक ओळ बदलते आणि डिफमध्ये (दोन फायलींतला फरक दाखवणारी आज्ञा) काहीच कळत नाही. आधी कॅरेज रिटर्न काढून घ्या, मग गाव बदला, डिफ बघा, नेमक्या हव्या त्याच ओळी बदलल्यात का ते वाचा. मग शहरातल्या सभासदांची एक फाइल, ते तिहेरी 'बेळगाव'वाले. ती नीट निघाली की बाकीच्या. आकडे सगळ्यात शेवटी, आणि झाल्यावर हे:

सेड -एन '/^[०-९]/पी' *.सीएसव्ही

एन म्हणजे आपणहून काही छापू नको, पी म्हणजे अट जुळली तरच छाप. काहीच छापलं नाही, तर एकही खाते क्रमांक मराठीत उरलेला नाही.

कुठे अडलात तर डिफ पाठवा, पडद्याचा फोटो नको. आणि पाठवायच्या आधी सभासदांची नावं झाका. त्यालाही सेडच (इथला ई मोठा):

डिफ जुनी.सीएसव्ही नवी.सीएसव्ही | सेड -ई 'एस/^([^,]*),[^,]*/\1,क्ष/'